लेकीचा परिचय

आमच्या बेंबळीच्या शाळेनं माझ्या लेकीचा सत्कार करायचं ठरवलं. हेडमास्तर घरी आले आन म्हणाले, तिचं शिक्षण, नोकरी, सगळं एका कागदावर लिहून द्या, कार्यक्रमात वाचायचंय. मी चौथी शिकलेला. लेक परदेशात कायदा शिकवते, एवढंच मला ठाऊक. बाकी सगळं तिच्या आईला पाठ होतं, आन ती फाल्गुनात गेली.

कुणी विचारलं, पोरगी कसली वकील, तर मी बायकोकडं बोट करायचो. ती भाकरी थापता थापता सांगायची. एक नदी दोन देशांतनं वाहती. वरच्यानं पाणी अडवलं तर खालच्यानं कुणाकडं जायचं, त्याचा कायदा आमची लेक शिकवती. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण ऐकणाऱ्याला एका दमात उमगायचं.

मी तिची ट्रंक उघडली. वर तिची लुगडी, खाली लेकीची कागदं. वकिलीच्या पदवीवर, बरोबर गोल शिक्क्यावर, हळदीकुंकवाची बोटं. आमच्यात नवी वस्तू घरात आली की आधी हळदकुंकू लावायचं, मग ती सायकल असो का पाण्याची मोटार. तिनं पदवीला लावलं. बाहेरच्या विद्यापीठाला असला कागद चालंना. दुसरी प्रत काढायला लेकीनं पुण्यात दोन महिने हेलपाटे घातले. लेक आईला एका शब्दानं बोलली न्हाय. मी बोललो. चार माणसांत अडाणी म्हणालो.

कागद हातात होता, पण सगळा इंग्रजीत. म्हणजे लेकीला फोन करणं आलं, आन तेच अवघड होतं.

आई गेली त्या दिवशी लेक इकडं यायला निघून विमानात होती. भावकी म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरकू. मी मान हलवली. लेक दुसऱ्या दिवशी पोचली तवा राख गार झाली होती. रडली न्हाय. एवढंच म्हणाली, "अप्पा, एक रात्र थांबता आलं न्हाय?"

मी म्हणालो, भावकी थांबंना. ते खोटं होतं. मी थांबा म्हणालो असतो तर सगळे थांबले असते.

तवापासनं तिचा फोन इतवारचा. गोळ्या घेतल्या का, जेवण झालं का. दोन मिनिटांत संपतो. मग भिंतीकडं बघत बसायचं.

मी गुरुवारी फोन लावला तर ती घाबरली. मला काय झालं का म्हणून. परिचयाचं सांगितलं, तर म्हणाली, लिहिलेला तयार आहे, मास्तरांच्या मोबाईलवर धाडते. मी म्हणालो, न्हाय, तू सांग, मी लिहितो.

ती सांगू लागली. दहावी गावातच, बारावी धाराशिवला, वकिली पुण्याला. तिथं मी थांबलो.

"तुझ्या आईचं कुंकू हाय अजून त्या कागदावर," मी म्हणालो.

"माहितीय. टाकून देऊ नका."

"त्या दिवशी मी थांबायला पायजे होतं. भावकीचं नाव उगंच घेतलं."

  

ती म्हणाली, "पुण्याचं लिहिलं का, अप्पा?"

"लिहितोय. हळू सांग."

लिहून कधीच झालं होतं. माझा हात एवढाही मंद न्हाय. पुण्याच्या पुढं दिल्ली आली, मग बाहेरची डॉक्टरकी, दवाखान्याची न्हवं ती. तास होऊन गेला तरी नोकरीपर्यंत पोचलो न्हाय, कारण मधीच तिनं आईच्या अंबाडीच्या भाजीचं काढलं.

"बाकीचं उद्या सांगू का?" तिनं विचारलं.

"उद्या सांग."

हेडमास्तर दोनदा दारावर येऊन गेले. कागद अजून व्हायचाय म्हणून सांगितलं.