अंबाडीच्या जॅमच्या चार बाटल्या

या वेळी तुमच्या बाबाच्या बॅगेतून जॅम का आला नाही, ते सांगते. टोमॅटो आणि अंबाडीच्या पाल्याचा जॅम मी केला होता. पाला तीन पाण्यांतून धुतला, चार बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. त्या घेऊन बाबा सकाळी विमान पकडायला पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसला.

दुपारी आपली भाजीवाली आली आणि दारातूनच म्हणाली, “बाई, ती अंबाडी रांधली काय?”

“का गं?”

“पऱ्हाटीच्या मधातली होती. तिथं तोडायच्या आदल्याच दिवशी फवारा मारला, असं म्हणून राहिला शेताचा मालक. मले आता समजलं.”

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायचं औषध किती जहाल असतं, हे इथे कुणालाही माहीत आहे. जॅम मीही दोन चमचे चाखला होता, पण डोळ्यांपुढे आलात ते तुम्ही दोघं, ब्रेडला जॅम लावताना. बाबाचा फोन लागेना. सहाव्यांदा त्याने उचलला.

“त्या बाटल्या फेकून दे,” मी म्हणाले आणि कारण सांगितलं.

“आई, पाला धुतला होतास ना? तू तर साबणसुद्धा धुऊन वापरतेस!”

“फेक म्हणते ना!”

विमानतळावर कचऱ्यात टाकल्या, असं तो सांगतो. पण लहानपणी दूध मोरीत ओतून “प्यायलो” म्हणणारा तोच. म्हणून परवा फोनवर मी सारखी तुमच्या पोटाची चौकशी करत होते. घरात कुठे माझ्या अक्षरातली बाटली दिसली, तर उघडू नका. आधी मला फोन करा.