आतोबांची शिवराई

खिशातलं नाणं खर्च करणं हे महापाप आहे असं मानणारा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच असेल, आणि शिक्षणासाठी मी नेमका त्याच्याच घरी राहायला आलो. ते माझ्या आत्याचे यजमान. मी त्यांना आतोबा म्हणतो. चिंचवडात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि जुनी नाणी घेऊन शौकिनांना विकणं हा त्यांचा धंदा. धंदा म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. कारण आवडलेलं नाणं विकायला त्यांचं मन होत नाही आणि न आवडलेलं ते मुळात घेतच नाहीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे जे लिहितो ते जपून लिहितो. पण आतोबांबद्दल कितीही वाढवून सांगितलं तरी कमीच पडेल असं मला वाटतं.

त्यांचा प्रवास हा तर एक सोहळाच असतो. चोर कमरेलाच हात घालणार, म्हणून नाणी कमरेच्या पिशवीत न ठेवता ते भाकरीच्या फडक्यात, लसणाच्या चटणीखाली ठेवतात. त्यामुळे त्यांच्याकडच्या साऱ्या बादशहांना लसणाचा वास येतो. एका शौकिनानं नाणं नाकाशी नेऊन विचारलं होतं, "हे नेमकं कुठल्या जमिनीत सापडलं?" तिकीट काढतानाही ते एकेक नाणं उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी निरखतात. कासारवाडीहून चाकणच्या बाजाराला जाताना एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "आवो पाव्हणं, तिकीट काढताय का पोरगी बघताय?" गाडीभर हशा झाला. तेवढ्यात आतोबांना हातातल्या शेवटच्या आण्यावर टाकसाळीची कसलीशी दुर्मिळ खूण दिसली. "ही न्हाई देता यायची," असं म्हणून ते मोशीलाच उतरले आणि पुढची वाट उन्हातून चालत गेले. घरी येऊन भिंगातून पाहिलं, तर ती खूण म्हणजे चिकटलेला गूळ निघाला. आतोबांनी तो शांतपणे चाटून टाकला आणि म्हणाले, "गूळ मातुर चाकणचाच हाय."

नये पैसे निघाले तेव्हा लोक जुने आणे मोडायला धावत होते आणि आतोबा ते गोळा करायला. पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात. ते दरवर्षी दिवाळीनंतर भरतं. शहरातल्या मोठ्या शौकिनांची नाणी आत काचेच्या पेटीत, मालकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतात. आतोबांसारखे फिरते विक्रेते दाराबाहेर पथारी मांडून बसतात. परत आले की आत्या विचारायची, "औंदा तरी आत घेतलं का?" आतोबा म्हणायचे, "न्हाई. भाईर हवा चांगली व्हती." पण त्या दिवशी ते नेहमीपेक्षा कमी जेवायचे, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

एका वर्षी मात्र त्यांना चाकणच्या बाजारात एका कांदेवालीच्या बटव्यात शिवाजीमहाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, एक शिवराई सापडली. एरवी शिवराईवरची अक्षरं कडेला कापली गेलेली असतात. हिच्यावर 'श्री राजा शिव' अख्खं होतं, आणि अंगावर जुन्या तांब्याचा काळपट हिरवा थर. तो थर हाच नाण्याच्या वयाचा दाखला. तो गेला की जाणकार नाण्याला हात लावत नाहीत. प्रदर्शनवाल्यांनी आतोबांनी केलेलं नाण्याचं वर्णन ऐकलं आणि म्हणाले, "घेऊन या, काचेत ठेवू." नावाची चिठ्ठी मी इंग्रजीत लिहून दिली. ती आतोबांनी आत्याला उलटी धरून वाचून दाखवली.

आत्याला फार आनंद झाला होता. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चांदीचे रुपये घासूनपुसून पाटावर मांडायची रीत आहे. त्या संध्याकाळी आतोबा नि मी बाहेरून आलो, तर रुपयांच्या मधोमध शिवराई लखलखत होती. आत्यानं ती चिंच नि राख लावून घासली होती.

"येवढ्या लोकांत जाणार, आन् अशी काळीमिट्ट?" आत्या म्हणाली. "दुपारधरनं घासतीया. हात दुखून आलं."

मी आतोबांकडे बघायचं टाळलं. ते पाटासमोर बसले, बराच वेळ नाणं निरखत राहिले. मग म्हणाले, "लई झाक निघालंया. लक्ष्मी बघतच ऱ्हाईल."

तरीही आम्ही प्रदर्शनाला गेलो. तिथल्या गृहस्थांनी चष्मा लावला, नाणं चिमटीत धरलं आणि लगेच टेबलावर ठेवलं. "हे घासलं कुणी?"

"म्या," आतोबा म्हणाले.

"तुम्ही? इतकी वर्षं या धंद्यात असून?"

"व्हय. बुद्धी फिरली."

आतोबांनी नावाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन पथारी पसरली. मी पथारीच्या सुरकुत्या सरळ करत बसलो. पण हळूहळू माणसं थांबू लागली. आतल्या काळवंडलेल्या नाण्यांवरचं अक्षर कुणालाच लागत नव्हतं. ही शिवराई मात्र उभ्याउभ्या वाचता येत होती. एक कारखान्यातला कामगार अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं 'श्री राजा शिव' वाचत होता. एकानं तर नाणं हातात घेण्याआधी चप्पल काढली. आतोबा प्रत्येकाला म्हणत, "घ्या की हातात. भिताय कशाला?" विकायचं का विचारलं, की मात्र नकारार्थी मान हलवत.

घरी पोचलो तेव्हा आत्या दारातच होती. "ठेवलं का काचंत?"

"काचंतलं कोण हातात घेतंय?" आतोबा पायावर पाणी घेत म्हणाले. "आपलं दिसभर लोकांच्या हातात व्हतं. इचार याला."

मी "हो" म्हणालो. ते खरंच होतं. त्या दिवशी आतोबा पोटभर जेवले.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. परीक्षा झाली की हे घर सोडावं लागेल. नोकरी कुठं मिळेल ठाऊक नाही. या दोघांनी मला काय काय दिलं ते त्यांना सांगावं असं पुष्कळदा मनात येतं. परवा धीर करून आतोबांना एवढंच म्हणालो, की कुठंही असलो तरी दिवाळीला इथंच येईन. ते भिंगातून एक आणा बघत होते. मान वर न करता म्हणाले, "ये की. नाणी घासायला तिला माणूस लागतंच."