दोन दत्ताराम

काळाचौकीच्या आमच्या चाळीत ‘दत्ताराम गेला’ असं कुणी चुकून म्हटलं, तर सुंदराबाई त्याला उभा सोलायच्या. गिरणीत मुकादमालाही उलट उत्तर देणारी बाई. नवरा लवकर वारला, पोर एकटीनं वाढवलं. ते पोर छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेलं, गोळीबार झाला, आणि परत आलं नाही. बाईंनी इस्पितळं पालथी घातली, तुरुंगाच्या दाराशी बसून राहिल्या. प्रेत नाही की निरोप नाही.

दत्तारामाचा फोटोही नव्हता. शाळेच्या ड्रॉइंगमास्तरांनी हौसेनं पेन्सिलीनं काढलेला चेहरा तेवढा घरात होता, काचेच्या चौकटीत.

गणपती जवळ आले तसं चाळीच्या मंडळाच्या पोरांनी मंडळाच्या खोलीत हुतात्म्यांच्या तसबिरी लावल्या. शेवटचा एक खिळा रिकामा ठेवला. तो कुणासाठी, हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं. पोरं चित्र मागायला गेली, तर बाई कडाडल्या, “माझो झील जिवंत आसा. हार मेलेल्यांका घालतत!”

मग बाईंच्या बहिणीचा मुलगा बुधाजी शहाणपणा करायला गेला. तो छापखान्यात होता. “मावशे, काच तडकली हा, बदलून हाडतंय,” म्हणून तसबीर घेऊन गेला, गुपचूप त्याची छापील प्रत काढली आणि मूळ चित्र नव्या काचेत आणून दिलं. मेल्याला कुणी सांगितलं होतं?

चतुर्थीला तो खिळा भरला. बाईंनी दारातूनच पाहिलं. तोच दत्ताराम, हनुवटीखालचा डागसुद्धा तोच, आणि गळ्यात झेंडूचा हार.

त्यांनी बुधाजीची गचांडी धरली. “खरां खंयचां?”

“तुझ्या घरातलां, मावशे, देवाशपथ! छापलेलां पुसत नाय, पेन्सिल बोटाक लागता.”

एकदा खोटं बोललेल्याची शपथ कोण मानतो? आपलं चित्र मंडळानं ठेवून घेतलं, आपल्याला छापील दिलं, हेच बाईंच्या मनानं घेतलं. मी मागोमाग घरात शिरले तोवर त्यांनी चौकट उचकटून कागद मांडीवर घेतला होता.

“अहो, कडेला पुसून बघा आधी,” मी म्हटलं. पण कडेला नुसता कोरा कागद. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पोराच्या गालावरचं काजळ पुसावं तसा दत्तारामाचा गाल पुसला. जोर लावूनच पुसला. शिसं डोळ्यापर्यंत फरफटत गेलं.

“खरांच होतां गे,” त्या एवढंच म्हणाल्या. नळाला पाणी आलं होतं, पण त्यांनी हात धुतला नाही. मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशीपासून त्या रोज मंडळाच्या खोलीत जायला लागल्या. ‘हार काढा’ असं कधी म्हणाल्या नाहीत. तो सरकून चेहऱ्यावर आला, तर तेवढा हातानं खाली करायच्या.