पेशी भरपूर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावाला मोठेपण चढलं, आणि मलाही. मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायला लागलो होतो. पाऊस रुसलेला, नळाला आठवड्यातून एकदा पाणी; माझा पांढरा कोट मात्र रोज धुवायला लागायचा. असा मी शहाणा.

थोरली बहीण, आक्का, जळकोटकडच्या खेड्यात दिलेली. दुष्काळात ती लांबून घागरी वाहायची. माहेरी आली की कमरेवर, दंडावर काळेनिळे डाग. आईनं विचारलं की म्हणायची, "घागर लागली." घागरीनं एवढं होतं का कुठं? गल्लीनं ठरवलं, नवरा मारतो. आक्का शपथेवर सांगायची, "त्येंनी बोट लावलं न्हाई मला." तिच्या हिरड्यांतूनही लहानपणापासून रक्त यायचं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

मी तिला लॅबमध्ये नेलं. रक्त थांबवतात त्या पेशी, प्लेटलेट, काचेवर घेऊन मोजल्या. भरपूर होत्या. आणखी एक साधी चाचणी होती. कानाच्या पाळीला टोचायचं, टिपकागदानं टिपत राहायचं आणि रक्त कधी थांबतं ते घड्याळात बघायचं. ती मी केली नाही. बाहेर लोक खोळंबले होते, आणि पेशी भरपूर असताना हा खटाटोप कशाला, असं वाटलं. घरी येऊन निकाल दिला, "आजारबिजार काही नाही. मारतोच तो."

दाजी तिला न्यायला आले तेव्हा चार माणसांत बसवून मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते खाली बघून एवढंच म्हणाले, "म्या न्हाई मारलं." आक्का आतून ओरडत होती, "माझं आयकून तर घे!" मी ऐकलं नाही. पुढं सोडचिठ्ठीही आम्हीच मागून घेतली.

दोन वर्षांनी आक्काची दाढ काढली आणि रक्त थांबेना. जीप करून नांदेडला नेलं. रक्त चढवून तिथं तिला वाचवलं. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या कानाला टोचलं. टिपकागद बदलत गेले, ठिपके उमटतच राहिले.

"पेशी आहेत भरपूर," ते म्हणाले, "पण एकमेकींना चिकटत नाहीत. जन्मापासूनचं आहे. जरा कुठं दाबलं तरी कातडीखाली रक्त साकळणार. नुसतं मोजून काय कळतं?"

खाटेवरून आक्का मला म्हणाली, "तुझ्या काचंवर इश्वास ठिवलास. माझ्यावर न्हाई ठिवलास." मला माझीच किळस आली.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी दाजींच्या गावी गेलो. वरातीमागून घोडं. दारात एका नव्या बाईनं मला पाण्याचा तांब्या दिला. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. दाजींनी कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"आता ह्यो कुणाला दावू?"