रविवारच्या वैमानिकांचा फिटर

इथे आखातात, मुशैरिबच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना अनघाताईंचा फोन आला. "बाबा गेले गं. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी बाहेर जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. रडू आलंच, पण त्याआधी, खरं सांगते, मला हायसं वाटलं... बरं झालं, तो व्हिडिओ कॉल होऊन गेला होता. नाहीतर केशवकाका मनात काय घेऊन गेले असते, हे मला ठाऊक होतं.

केशवकाका म्हणजे अनघाताईंचे वडील. काकू गेल्यावर लेकीनं त्यांना पुण्याहून इकडे, तिच्या घरी अल दुहैलला आणलं. मी शेजारच्या कंपाउंडमध्ये एकटी राहते. गणपतीच्या आरतीला ओळख झाली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मराठी टायपिंग येतं का गं तुला? मला एक इतिहास लिहायचाय."

तरुणपणी काका एका राखीव हवाई तुकडीत फिटर होते, म्हणजे इंजिनांची देखभाल करायचे. एरवी वकिली, मास्तरकी करणारी माणसं रविवारी गणवेश चढवून गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर यायची आणि सरावाची विमानं उडवायची. युद्धाची वेळ आलीच तर हाताशी वैमानिक असावेत म्हणून. पुढे तुकडी बंद झाली आणि तिच्याबद्दल कुणी चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, हे काकांना फार लागलं होतं. मग दर शुक्रवारी सकाळी ते सांगायचे आणि मी लॅपटॉपवर उतरवायचे. धावपट्टीवर ठाण मांडून बसलेल्या म्हशी, विमानाच्या पंखाखाली बसून उत्तरपत्रिका तपासणारे गणिताचे मास्तर... सांगताना काका विशीतले होऊन जायचे. इथल्या ड्रायव्हरांकडून उचललेलं 'यल्ला', म्हणजे 'चला', असं म्हणून पुढच्या गोष्टीला हात घालायचे. फक्त शेवटच्या वर्षाशी आले की विषय बदलायचे. चहा मागवायचे.

एका शुक्रवारी मात्र बोलले. बेहेरे वकिलांचं विमान हवेत बंद पडून ज्वारीच्या शेतात उतरलं होतं. वकील वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. "पेट्रोलमध्ये पाणी असलं तर इंजिन बंद पडतं. सकाळी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाणी आहे का बघायचं, हे माझं काम. फॉर्मवर सही माझी आहे. पण बघितलं होतं का... ते मला आठवतच नाही गं." चौकशी झाली, तुकडी मोडली, काकांची बदली झाली. निकाल काय लागला, हे एका फिटरला कळवायला कोण येणार? साठ वर्षं ती एक सकाळ ते मनात पुन्हा पुन्हा तपासत होते.

मी त्यांना न विचारता एक आगाऊपणा केला. म्हशींचं प्रकरण फेसबुकवरच्या एका मराठी ग्रुपवर टाकलं आणि तुकडीतलं कुणी माहितीत आहे का, असं विचारलं. तीन आठवड्यांनी नाशिकहून एका बाईंचं उत्तर आलं : बेहेरे वकील माझे वडील, नव्वदी उलटलीय, पण स्मरण पक्कं आहे.

कॉलच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. स्क्रीनवर वकील दिसताच ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "साहेब, त्या दिवशी पेट्रोलमध्ये पाणी..."

"कसलं पाणी?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "अरे केशव, डावी टाकी संपली, उजवीचा कॉक फिरवायला मी विसरलो! चौकशीत तसं लिहूनही दिलं मी. तुला कुणी सांगितलं नाही?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"इतकी वर्षं तू... अरे बस की आधी!"

काका बसले. मग दोघं तासभर बोलले, मधूनच ओरडून, मधूनच डोळे पुसत. फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "खलास." आणि लहान मुलासारखे हसले. ते शेवटचं प्रकरण त्यांनी त्याच बैठकीत सांगून पुरं केलं. त्यानंतर ते दोन महिने होते. दुपारी चक्क घोरतात, असं अनघाताई कौतुकानं सांगायच्या.

परवा त्यांच्या खोलीत गेले. टेबलावर मी प्रिंट काढून दिलेली प्रत होती. अखेरच्या पानावर तुकडीतल्या सगळ्यांची नावं आहेत : वैमानिक, फिटर, रेडिओवाले, स्वयंपाकीसुद्धा. "काका, यात तुमचंच नाव नाही," असं मी कितीदा म्हटलं असेल. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आता फिटरांच्या यादीत, दोन नावांमधल्या चिंचोळ्या जागेत, निळ्या शाईनं त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आडनावासकट, पूर्ण.