मुसळाला बांधलेली दुर्बीण

पितळेचं काम करणाऱ्याच्या बाकाखाली कीस साचत जातो, तसे आमच्या नानांच्या कारखान्यात किस्से साचत गेले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही जुनी माणसं भेटलो की एकाला एक आठवतो, दुसरा म्हणतो, "अरे, ते राहू दे, मुसळाचं सांग," आणि समोरचा चहा गार होतो.

काळ अठराशे नव्वदनंतरचा. गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर नानांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली आणि पायाने चालवायचा एक लेथ. नाना जहाजांवरच्या दुर्बिणी दुरुस्त करायचे. लेथवर बाळकू, पन्नाशीचा, परळच्या गिरणीतून आलेला. आणि मी, मॅट्रिक नापास, विलायती कॅटलॉग वाचून दाखवायला ठेवलेला. मागच्या खोलीत नाना आणि काकूंचा संसार.

* * *

एका सकाळी घोंगडीत गुंडाळलेली लांब वस्तू घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनी घोंगडी सोडली आणि आत बंदूक निघाली. पाच मिनिटांत अख्ख्या चाळीच्या खिडक्या बंद!

हे गोविंदराव, शहापूरकडच्या जंगलातले रेंजर. बंदूक साधीच होती, रोजच्या कामाची. शेतात रानडुकरं शिरली की गावकरी ह्यांनाच बोलवायचे. पण आता वय झालं होतं. नळीच्या टोकावरची माशी, जिच्या रेषेत नेम धरतात ती, त्यांना धूसर दिसायला लागली होती. कुणा साहेबाच्या बंदुकीवर त्यांनी दुर्बीण बसवलेली पाहिली होती. तशी हवी होती. पावसात टिकणारी, बार उडाला तरी न हलणारी आणि त्यांच्या पगारात बसणारी.

नानांनी बंदूक उचलून वजन घेतलं आणि विचारलं, "लांबचं किती दिसायला हवं?"

गोविंदराव म्हणाले, "लांबचं नको. समोर काय आहे ते नक्की कळायला हवं."

नानांनी बंदूक बाकावर ठेवली. मग मला म्हणाले, "कॅटलॉग काढ."

* * *

कॅटलॉगमधली दुर्बीण फोर्टातल्या एका दुकानात आलेली होती. मी आणि नाना बघायला गेलो. नानांचं धोतर, अंगरखा आणि पितळेने काळे झालेले हात पाहून दुकानदार साहेबाने ती नाइलाजानेच पुढे केली. मखमलीच्या पेटीत, आरशासारखी लखलखीत.

आता नाना ती डोळ्याला लावतील असं मला वाटलं. त्यांनी ती कानाला लावली! बोटाने एकदा टिचकी मारली, ऐकलं आणि मला म्हणाले, "ह्यांना सांग, आतली तिसरी काच सैल आहे."

साहेब हसला. मग चिडला. शेवटी त्याने आपल्या कारागिराकडून ती उघडून घेतली. तिसऱ्या काचेची कडी अर्धा आटा सुटलेली होती.

साहेबाने नानांना बसायला खुर्ची दिली. नाना बसले नाहीत. नकोच म्हणाले ही दुर्बीण, पहिल्याच बाराला आंधळी होईल.

* * *

मग त्यांनी जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या जहाजांच्या तीन दुर्बिणी आणल्या. एक चांगली दिसणारी, एक बरी आणि एक इतकी पोचे पडलेली की बाळकू म्हणाला, हिच्यातून फार तर पाणी प्यावं.

बंदुकीचा धक्का कुठली सोसेल हे कसं ठरवायचं? गिरगावात बार काढून बघायची सोय नव्हती. त्या दिवशी काकू मागे वर्षाचं तिखट कांडत होत्या. नानांनी आवाज ऐकला, हातातलं काम ठेवलं आणि सुतळी घेऊन आत गेले.

पहिली दुर्बीण मुसळाला बांधली गेली. काकूंनी एवढंच बजावलं, "मिरच्यांत पितळेचा कण सापडला तर आज कुणाला वाढणार नाही."

चांगली दिसणारी शंभर घावांत गेली. बरी होती तिची काच दुपारी तडकली. पोचे पडलेली मात्र दोन दिवस कांडणात होती. तिखट संपलं, मग काकूंनी हळदही तिच्यासकट कांडली. सोडून आणली तेव्हा बाळकूने ती डोळ्याला लावली. डोळ्यात तिखट गेलं, पाणी वाहायला लागलं, पण दुर्बीण काही तो सोडेना. रस्त्यापलीकडच्या देवळाच्या कळसावर मुंगी चढतेय म्हणाला. आम्ही सगळ्यांनी पाहिली. होती.

* * *

दुर्बीण ठरली. आता नेम धरायला आत बारीक फुली हवी. काकूंचा केस लावून पाहिला, तर दमट हवेत तो सैल पडला. नाना बाळकूला म्हणाले, "जा, कोळ्याचा धागा घेऊन ये."

बाळकू गेला तो थेट वरळीच्या कोळीवाड्यात! संध्याकाळी परतला, सोबत जाळ्याच्या दोरीचा गुंडा आणि हरबा नावाचा एक कोळी. ही दोरी मुशीसारख्या दांडग्या माशालासुद्धा तुटत नाही, असं सांगायला तो स्वतः आला होता. नानांनी दोघांना बसवलं, काठीने आढ्याचं जाळं काढलं आणि म्हणाले, "हा कोळी रे बाबा."

मग पाऊण तास कुणी मोठ्याने श्वास घेतला नाही. नानांनी जाळ्यातला एकच धागा वेगळा केला, ओल्या फुंकरीने भिजवला आणि पितळेच्या कडीवर ताणून बसवला. मग दुसरा, आडवा. मला तर काहीच दिसत नव्हतं. पण काचेतून पाहिलं आणि समोरच्या भिंतीचे चार सारखे तुकडे झाले.

हरबाने पाहिलं, गुडघे टेकले आणि दुर्बिणीला हात जोडले.

* * *

पाण्यात टिकण्याची परीक्षा हरबानेच मागून घेतली. सांधे राळ आणि मेणाने बंद करून आठ दिवसांसाठी नानांनी दुर्बीण त्याच्या होडीवर दिली. नवव्या दिवशी तो आला आणि दारातच थांबला.

"पानी नाय शिरलं, नानाशेठ," तो म्हणाला. मग चौकटीला टेकून, "परततान्ना म्या किनाऱ्याकडं बघितलं. माजी आय बंदरावर उभी व्हती. व्हट हलत व्हते तिचे. मला हाक मारीत व्हती. रोजच मारते म्हनं. मला कंदी आयकू आली नाय."

नानांनी त्याला आत नेऊन जेवायला बसवलं.

* * *

बाळकूने पितळेच्या दोन कड्या घडवल्या, दुर्बीण बंदुकीवर फिट केली आणि मृगाच्या आधी गोविंदराव ती घेऊन गेले. दसरा झाल्यावर परत आले. काही बिघडलं असेल म्हणून नानांनी हात पुढे केला, तर ते म्हणाले, काही बिघडलेलं नाही, सांगायला आलोय.

श्रावणातली गोष्ट. एका गावात डुकरांनी नाचणीच्या शेतांची धूळधाण केली होती. पहाटे फटफटलं तेव्हा गोविंदराव बांधावर दबा धरून बसले होते. झिमझिम पाऊस होता. शेजारी शेताचा मालक, मागे चार गावकरी. शंभर पावलांवर पिकात काहीतरी तपकिरी, कुबडासारखं हललं. वाकून माती उकरत होतं. मालक कुजबुजला, "तेच. मारा." गोविंदरावांनाही तेच वाटलं. पूर्वीचे दिवस असते तर त्या आकारावर मी बार काढला असता, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. फुली बरोब्बर कुबडावर आली. बोट घोड्यावर गेलं. आणि मग त्या कुबडावर त्यांना पानांची वीण दिसली. ते पावसात अंगावर घ्यायचं इरलं होतं. त्याच्या खालून एक हात बाहेर आला, उरलेली रोपं सारखी करणारा.

गोविंदराव जमिनीकडे बघत सांगत होते. बाळकूचा पाय थांबला तसा लेथही थांबला.

"हिरव्या बांगड्या होत्या, नाना. मोजल्या मी, सात होत्या. कानाशी अजून 'मारा, मारा' चाललं होतं. मी बंदूक मालकाच्या हातात दिली आणि म्हटलं, तू बघ. त्याने पाहिलं. त्याची बायको होती."