वीस सेकंदांचा डीबगर

प्रोग्रॅममधली चूक शोधायला डीबगर लावला, की तो आधी प्रोग्रॅममधल्या सगळ्या नावांचा तपशील वाचत बसायचा. तब्बल अकरा मिनिटं. वाशीच्या त्या छोट्या कंपनीत सत्त्याऐंशी साली सगळ्यांना ते अंगवळणी पडलं होतं. नंदकुमारला मात्र ते खटकलं. महिनाभर खपून त्याने डीबगरला नुसती नावांची यादी वाचायला लावली. एकेका नावाचा तपशील लागेल तेव्हाच उघडायचा. काम वीस सेकंदांवर आलं. साहेबांनी पेढे वाटले.

"छान केलंस रे," शेजारच्या टेबलावरची चारुलता म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती पदर घट्ट ओढून बसली होती. ब्लाउज ओला झाला होता. नंदकुमारने नजर वळवली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. डीबगर लावून ती रोज समोरच्या इमारतीत जायची. तिचं चार महिन्यांचं बाळ तिथे मावशीकडे असायचं.

"चारुताई, तुमच्या मशीनवर जुना डीबगर परत टाकू?"

"नको. साहेब आता विचारतात, मशीन सोडून कुठे जाता?" ती हलकेच म्हणाली. "आजपासून वरचं दूध चालू केलंय त्याला."

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "वीसचे दहा होतील का?"

कसे होतील, ते त्याला ठाऊक होतं.

"नाही होत," तो म्हणाला.